खरवईच्या ताईला, उंदीरघरातून

मोरिवली,
सोमवार, ता. १२-७-९३

सौ. कौसाताईच्या पायांना, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच, धाकट्या नाथाचा नमस्कार.

इकडे मी आणि बनू खुशाल. तुमची खुशाली विचारणार होतो, पण दूध घालायला आलेल्या बाळानं ती सकाळीच सांगितली. वेणूला कालपासून उलट्या होतायत, पोर भिंतीला धरून चालते आणि तुम्ही शनिवारच्या उताऱ्याची वाट बघताय. ताई, तेवढा वेळ नाही. पत्र बाळाच्याच हाती देतोय. दाजींच्या नजरेस पडायच्या आत वाच. (माझ्यासाठी दारामागे ठेवलेली काठी अजून तिथंच आहे म्हणे. चांगली बाभळीची आहे, जपून ठेवा.)

मला खरवईच्या घरातून बाहेर काढलंत त्याचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो मागाहून काढीन. भगत सुपातले तांदूळ बघून म्हणाला, "घरचाच हाय कोनतरी. बाहेरचा नाय," आणि तुम्ही सगळे माझ्याकडे वळलात. माझ्या अंगाला उंदरांचा वास येतो, मान्य. बनूसुद्धा मला अंघोळीआधी चुलीजवळ फिरकू देत नाही. पण वास येणारा माणूस स्वतःची भाची खातो, हे कुठलं शास्त्र?

आता माझं काम खरंच काय ते ऐक, कारण भावकीत तू मला 'औषध कंपनीतला साहेब' म्हणून मिरवतेस तेव्हा मी गप्प बसतो. कारखान्याच्या मागे उंदीरघर आहे. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा आणि पाण्याच्या बाटल्या भरायच्या, एवढीच साहेबी. बाटलीच्या नळीत गोळी असते. उंदीर पाणी प्यायला की ती टिक वाजते. तिथली एक जात अशी, की धडधाकट जन्मते, खाते, खेळते आणि एक दिवस तिच्यातल्या एकाला तहान लागते. मग टिकटिक थांबत नाही. सकाळी बदललेला भुसा दुपारी ओलाचिंब. खाणं दुप्पट आणि अंग निम्मं. खिडक्या बंद, मांजर नाही, बाहेरचा जंतू येऊ नये म्हणून मीसुद्धा हातपाय धुऊन आत जातो. (देवळातही मी इतका सोवळ्यात नसतो.) तरी कोणीतरी आत शिरून त्यांना खातंय असं वाटून मी पिंजऱ्यांमागे वाकून वाकून पाहिलं. काही नव्हतं.

शेवटी कुमुदिनी मॅडमना विचारलं. उंदीरघर त्यांच्या ताब्यात. त्या म्हणाल्या, "बाहेरून कोणी येत नाही, नाथा. यांचेच राखणदार यांना खातात." रक्तात पांढऱ्या पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या. त्यांतल्या काहींना पोटातल्या एका ग्रंथीतल्या आपल्याच पेशी परक्या वाटू लागतात. साखर अंगी लावणारं इन्सुलिन याच ग्रंथीतल्या पेशी बनवतात. राखणदार तिथं घुसतात, आणि आजार बाहेर दिसेपर्यंत त्यांतल्या बहुतेक पेशी मारून झालेल्या असतात. पुढे मॅडमनी आजारी उंदराचे ते राखणदार एका लहान, निरोगी उंदराच्या अंगात सोडले. त्याला मी हातानं शेंगदाणे भरवायचो. राखणदारांनी घर बदललं, पण वैर विसरले नाहीत. काही आठवड्यांनी त्या कोपऱ्यातली गोळी वाजायला लागली. त्या दिवशी मी डबा तसाच परत आणला. (हे मुद्दाम सुईनं करावं लागतं, ताई. हात लावून, वासानं किंवा मामामुळं कोणाला होत नाही.)

आणि मग तुझ्याकडचं ते पूजेचं जेवण. सगळे आडवे झाले होते, मी ओटीवर बसलो होतो. आत माठावर तांब्या वाजला. थोड्या वेळानं परत. मग परत. मी उठून पाहिलं तर वेणू पाणी पीत होती. पिता पिता माझ्याकडे बघून हसली. जवळ घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली आणि तोंडाला नासक्या फळाचा वास. मी दवाखाना म्हणालो, तुम्ही भगत आणलात.

नवल असं की भगत आणि मॅडम एकच बोलले. घरचाच आहे. फक्त तो पोरीच्या अंगात आहे, ओटीवर बसलेला नाही. त्याला परत फिरवणं अजून मॅडमनाही जमत नाही. पण आत बनायचं थांबलेलं इन्सुलिन बाहेरून सुईनं देता येतं आणि पोर जगते, शाळेत जाते, मामाला नावं ठेवते. आज दिलं तर. मला फार भीती वाटते, ताई.

दाजींना काठीसकट नमस्कार.

तुझा,
नाथा

ता. क. बाळाचा टेम्पो तुझ्या दारात उभा राहील, त्यातच बसा. मी उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी थांबतो. माझं तोंड बघायचं नसेल तर पाठ करून उभा राहीन.

आणखी एक. दाजी अडून बसले तर सांग, नाथानं कबूल केलं. पोरीला मीच धरलंय. ज्यानं धरलं त्यानंच उतारा सांगायचा, असं भगताचंच म्हणणं आहे ना? मग हा माझा उतारा लिहून घ्या: सकाळ-संध्याकाळ सुई, जन्मभर, आणि पहिली आज दुपारच्या आत. नारळ नको, कोंबडं नको. चुकवलंत तर मी तिला सोडणार नाही.