परड्यातली मोहरी

जानेवारी २००४
हरियाणा

प्रिय अक्का,

मी तुला चोर म्हटलं न्हाई, आणि तू फोन आपटलास म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत न्हाई. एवढंच विचारलं की आमच्या फार्मावरचं बी पदराला बांधून नेलंस का. तर सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, चार दाणं नेलं तर भावाच्या पोटात दुखतंय. दाण्यांचं न्हाई गं. चांगलं झाड दिसलं की बी उचलायची खोड आपल्या सगळ्या घराचीच हाय. आईनं गगनबावड्याच्या पावण्याकडनं आणलेला दोडका अजून दारात चढतोय. दुसरं कसलं बी असतं तर मीच पिशवी भरून दिलं असतं. पण ती मोहरी खाऊ नकोस. पाचवा महिना लागलाय तुला. भांडण मागनं कर, आधी ऐक.

उन्हाळ्याच्या तोंडाला दाजी पैंजणांचा माल घेऊन दिल्लीला आले, तेव्हा तूही माझ्या खोलीवर राहून गेलीस. शेजारणीनं मोहरीच्या पाल्याची भाजी करून वाढली, बोटं चाटत खाल्लीस. ती बाजारातली मोहरी. तू नेलीस ती माझ्या खोलीमागं फार्माच्या शेडात वाळत घातलेली. बी दिसायला एकच, तुला तरी कसं कळावं? दिवाळीनंतर पेरलीस आणि पत्रात कौतुकानं लिहिलंस, तळहाताएवढी पानं आल्यात, डॉक्टरनं रक्त कमी सांगितलंय म्हणून रोज तीच भाजी. वाचून आधी बरं वाटलं. मग तुझं घरामागचं परडं डोळ्यासमोर आलं. तेजाबात पैंजण धुतलेलं सगळं पाणी तिकडंच सोडताय की तुम्ही.

बी माझ्या खोलीवरनं गेलं हे कळलं तर काम जाईल, तरी फार्मावर संशोधन करणाऱ्या म्याडमांना सांगितलं. चांदी जोडायला काय काय वितळवतात तेही सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, त्यातलाच विषारी धातू त्या पाण्यातनं मातीत उतरतोय. मग त्यांनी काडीनं मातीत मुळाचं चित्र काढून दाखवलं. प्रत्येक झाड मातीतलं लोखंड, जस्त पितंय, त्यासाठी मुळाला दारं असतात. त्याच दारानं विषारी धातूही आत शिरतोय. साधं झाड तो बराचसा मुळातच अडवतंय. ह्या वाणाची दारं सताड उघडी, धातू थेट पानात चढवतोय. अशीच झाडं निवडून, त्यांचंच बी धरत हा वाण काढलाय, कारखान्यांनी नासलेली जमीन साफ करायला. गुण बियातच हाय, लेकीनं आईचा रंग घ्यावा तसा. आणि झाड आजारी दिसत न्हाई अक्का, हिरवंगार दिसतंय. मला त्याचीच भीती वाटती. इथं कापलेला पाला शेळीलासुद्धा टाकू देत न्हाईत.

म्याडम म्हणतात, थोडेच दिवस खाल्लंय, कदाचित काहीच नसेल. पण आजपासून बंद. झाडं मुळासकट उपटून पोत्यात भर. जाळू नकोस, म्हशीला घालू नकोस, गल्लीत वाटू नकोस. थोडी पानं वाळवून पाठव, त्या तपासून देणार हायत. त्या पाण्यावर दुसरंही काही लावू नकोस.

हे पत्र तुझ्या सासूच्या, चिमणाबाईंच्या हाती पडलं तर पडू दे, मोठ्यानं वाचू दे त्यांना. पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा त्या तुझ्या कुशीला नावं ठेवत गावभर फिरल्या, आणि तू मान खाली घालून ऐकलंस. तेव्हा परड्यात ह्याच पाण्यावर मेथी होती. मेथीनं झालं असं मी म्हणत न्हाई, म्याडमही म्हणत न्हाईत, आता ते कुणालाच कळायचं न्हाई. पण सगळी खोट तुझ्यातच हाय हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी ते पाणी कधी तपासलं होतं? हेच फोनवर सांगणार होतो, तू ठेवलास. दाजींना घेऊन कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरकडं जा, पाण्याचं आणि भाजीचं सगळं सांग, रक्त तपासून घे. मनिऑर्डर तुझ्याच नावानं केली हाय, सही करून तूच घे, कुणाच्या हातात देऊ नकोस. बाराशे रुपये हायत.

तुझाच,
नागसेन