क्लिऑनचा डावा गुडघा

टोलेडो, ओहायो
९ मार्च १९९३

चि. आर्वो यास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद, यंदा जरा हात आखडूनच.

पत्र बघून नवल वाटेल. पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कुणीतरी फोन आपटतो. शिवाय क्लबसाठी खेळाडू निवडणारा माणूस आणि त्याच क्लबच्या गळ्यात खेळाडू बांधायला निघालेला वकील सख्खे भाऊ आहेत, हे इथे चपराश्यापर्यंत सगळ्यांना कळलंय. तेव्हा जे काय असेल ते लेखी असू दे. उद्या कुणी विचारलं तर दाखवता तरी येईल.

तुला जगात दुसरा अशील मिळाला नाही का? मिनीॲपोलिसमध्ये मृत्युपत्रं आणि शेतांच्या हद्दी यांवर तुझं सुखाने चाललं होतं. करार संपलेल्या खेळाडूने मनाला येईल त्या क्लबात जावं, ही मोकळीक यंदा पहिल्यांदा मिळाली, आणि नेमका पहिल्याच वर्षी तुला क्लिऑन बटीस्ट सापडला. त्याच्या आईच्या घराची कागदपत्रं केलीस काय आणि थेट फुटबॉलचा एजंट झालास काय. तुझ्या नशिबाला दृष्ट लागू नये, पण माझ्या रक्तदाबाला लागली आहे.

आमचे मालक मिस्टर ग्रेबल खिडक्यांच्या काचा विकून मोठे झाले. फुटबॉलमधलं त्यांना एकच कळतं, ते म्हणजे सॅक. समोरचा क्वार्टरबॅक हातातला चेंडू फेकायच्या आत त्याला जमिनीवर लोळवला, की झाला एक सॅक. गेल्या मोसमात तुझ्या क्लिऑनने असे सतरा केले, हे पेपरात वाचल्यापासून ग्रेबलसाहेबांना अन्न गोड लागत नाही. त्यांना पाच वर्षांचा करार हवा आहे, निम्मे पैसे सहीच्या दिवशीच, मग पुढे तो धावो की लंगडो. वर मला बजावतात की शिफारस तुझी राहील, तो फुकट गेला तर त्याच्या आधी तू घरी जाशील.

म्हणून मी माझ्या नेहमीच्या खोडीप्रमाणे सामन्यांच्या टेपमधून सगळे सॅक काढून टाकले आणि उरलेला मोसम पाहिला. सॅकवरून माणूस कळत नाही. एका सॅकमध्ये तर क्वार्टरबॅक आपल्याच गड्याच्या पायात अडखळून क्लिऑनच्या मिठीत येऊन पडलाय. जिथे काहीच हाती लागलं नाही तिथे हा काय करतो, ते मला बघायचं होतं. नोव्हेंबरपर्यंत तो अडवायला आलेल्या धिप्पाडाच्या बाहेरून असा वळसा घेत होता, डावीकडे इतका कलून, की मी रागातसुद्धा टेप मागे नेऊन पुन्हा पाहिली. थँक्सगिव्हिंगनंतर तो वळसा नाहीसाच झालाय. आता गडी सरळ आतून घुसतो. त्या वळशाचा सगळा भार डाव्या गुडघ्यावर येतो, हे तुला नसेल कळत, पण मला कळतं.

तेव्हा प्रश्न एकच आहे. डावा गुडघा धड आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही, निबंध नको.

ईस्टरला आईकडे येतोय. लोभ आहेच, तो वाढवायचा की आवरता घ्यायचा हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझा,
रेनो


मिनीॲपोलिस
१४ मार्च १९९३

ती. रेनो यास,
सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीचा, विनंती मात्र खरोखरच विशेष आहे. मला जरा श्वास घेऊ दे.

तुझं पत्र वाचून मला शाळेतले दिवस आठवले. तेव्हाही माझ्या प्रगतिपुस्तकात चांगले गुण सोडून बाकीचंच तू वाचायचास. सतरा सॅक काढून टाकून मोसम बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. उद्या लग्नाच्या जेवणातून जेवण काढून टाक आणि आचाऱ्याची परीक्षा घे.

क्लिऑन आतून का घुसतो, याचं उत्तर तुझ्याच टेपमध्ये आहे. डिसेंबरपासून प्रत्येक संघ त्याच्यावर दोन-दोन माणसं घालतो. बाहेरची वाट बंद केली तर माणूस दुसरीकडून जाणारच. आणि दोघं त्याच्यात गुंतले की त्याचे जोडीदार मोकळे सुटतात, तेही मोज की कधी.

इथे माझी काय दैना झाली आहे याची तुला कल्पना नाही. बायकोने फोनची तार काढून ठेवली. एका क्लबने क्लिऑनच्या दाराशी मगरीच्या कातड्याचे बूट ठेवले, तेही एक नंबर लहान. दुसऱ्याने त्याच्या आईला पियानो पाठवला. त्या बाईंना पियानो वाजवता येत नाही आणि तो दारातून आतही जात नाही, ओसरीवर पडलाय. शेवटी मी ठरवलं की चार दिवस क्लिऑनला घेऊन हॅनकॉकला आईकडे जाऊन राहायचं. तिथे बर्फ इतका आहे की पियानो पोचणार नाही.

गुडघ्याचं म्हणशील, तर तू मला भाऊ म्हणून विचारतोस की क्लब म्हणून? क्लब म्हणून विचारत असशील तर डॉक्टर पाठव. भाऊ म्हणून विचारत असशील तर विचारू नकोस. मी त्याचा वकील आहे.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी ईस्टरपर्यंत संपव.

तुझा,
आर्वो


हॅनकॉक, मिशिगन
२२ मार्च १९९३

चि. रेनो यास,
आईचे अ. उ. आ. तू स्वेटर घालत नसशील याची खात्री आहे, तरी विचारते.

आर्वो आणि त्याचा तो क्लिऑन चार दिवस राहून काल गेले. घर भरल्यासारखं वाटत होतं, आता नुसतं घड्याळ ऐकू येतं. क्लिऑन फार गुणी मुलगा आहे. मला मिस आयली म्हणतो, त्यांच्या लुइझियानात वडीलधाऱ्या बायकांना अशीच हाक मारतात म्हणे. खिमा-बटाटा भरलेल्या पेस्ट्या खाल्ल्या, वेलचीचा पाव तर एकट्याने संपवला. सौनाच्या वाफेत मात्र पाच मिनिटांतच उठला आणि म्हणाला की आमच्याकडे असा उकाडा फुकट मिळतो, त्यासाठी लाकडं कोण जाळतं. मी पुष्कळ दिवसांनी इतकी हसले.

कामाला आळस नाही. मी बटाटे आणायला तळघरात निघाले तर मला खुर्चीत बसवून स्वतः गेला. तिथे बराच अंधार असतो, म्हणून असेल कदाचित, पण भिंतीला धरून, अंग तिरकं करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला. तुमचे बाबा शेवटी शेवटी उतरायचे तसा. वर येताना मात्र पोतं खांद्यावर घेऊन भराभर आला.

शेजारच्या हिल्मा कोस्केलाच्या गोठ्याचं छप्पर बर्फाने बसलं. तिच्या जावयाला मी सांगून दमले होते की बर्फ उपस, पण तो आज नाही उद्या करत राहिला. आर्वो सारखा खिडकीशी उभा राहून नखं खात होता. तुमचं दोघांचं काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारणारही नाही.

ईस्टरला लवकर ये. मायेत कमीजास्त करायची मला सवय नाही.

तुझी,
आई


टोलेडो
२७ मार्च १९९३

ती. आईस,
शि. सा. न. स्वेटर घातला आहे.

आई, पाहुण्यांबद्दल मला असं काही लिहीत जाऊ नकोस, असं मी म्हणू शकत नाही, कारण तू बिचारी घरची खुशाली लिहितेस. पण त्या पायऱ्यांचं वाचल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. पत्र खिशात घेऊन फिरतोय. सकाळी वाटतं फाडून टाकावं, दुपारी ग्रेबलसाहेब येऊन विचारतात की तुझी शिफारस कुठे अडली, आणि मला पुन्हा ते बाहेर काढावंसं वाटतं.

आमचा डॉक्टर क्लिऑनला एकदा तपासून आला आहे. टेबलावर बसवून गुडघा वाकवला, सोडला, ठीक म्हणून शेरा मारला. एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसते, ती या खेळात सगळ्यांचीच दिसते. म्हणजे कागदावर गडी ठणठणीत. मी गप्प बसलो तर करार होतो, आर्वोचं भलं होतं, आणि दोन वर्षांत माझी नोकरी जाते. बोललो तर ज्याने तुझ्या घरी जेवून तुझं पोतं उचललं, त्याच्याच पाठीत मी सुरा खुपसतो. हे असलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवायला मी काय पाप केलं होतं?

शेवटी अहवालात मी एकच ओळ घातली, की सही करण्याआधी या खेळाडूला पायऱ्या उतरायला लावा. का, ते लिहिलं नाही. तुझं नाव कुठेही नाही, याची खात्री बाळग.

मला माफ कर, आणि आर्वोला यातलं काही कळवू नकोस. तुझ्या मायेवर माझा हक्क अजून आहे असं धरून चालतो.

तुझा,
रेनो


मिनीॲपोलिस
६ एप्रिल १९९३

रेनो,
नमस्कार. या खेपेला साष्टांग जमत नाही.

पायऱ्या? अख्ख्या अमेरिकेत फुटबॉलपटूची परीक्षा पायऱ्यांवर घ्यायची कुणाच्या डोक्यात येतं? क्लिऑन गेल्या कित्येक महिन्यांत लिफ्टच्या हॉटेलांतच राहिला आहे. पायऱ्या तो उतरला तो एकाच घरात, आणि त्या घरात तुझं पत्र आठवड्याला जातं. आईला गुप्तहेर करताना तुला लाज कशी वाटली नाही? ती बिचारी साधेपणाने तू विचारशील ते सांगणार, आणि तू ते अहवालात घालणार.

काय झालं ते ऐक, कारण तुझ्या लोकांनी तुला नीट सांगितलं नसेल. तुमच्या डॉक्टरने क्लिऑनला रिकाम्या स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या रांगेत नेलं आणि खाली उतरायला सांगितलं. थोडं उतरून तो एका खुर्चीवर बसला आणि म्हणाला की बास. मग पुन्हा तपासण्या झाल्या. वाटीखालची कूर्चा जवळजवळ संपली आहे. ग्रेबल आता म्हणतात की आधी ऑपरेशन, मग एका वर्षाचा करार, तोही खेळला तर पैसे. दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या क्लबांना होती. पियानोवाल्यांनी पियानो परत मागितला.

आणि आता जे लिहितो ते तू खोटं समजलास तरी चालेल. मला माहीत नव्हतं. मी त्याला कधी थेट विचारलंच नाही, कारण विचारलं तर तो सांगेल अशी धास्ती होती. तुला डॉक्टर पाठव म्हणालो ते त्यामुळेच. क्लिऑन माझ्याशी बोलत नाही. मी भावाला फितूर झालो असं त्याला वाटतं, आणि ते खोटं आहे हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

ईस्टरला मी येणार नाही. तू जा, अंडी रंगव. लोभ सध्या माझ्याकडे शिल्लक नाही.

आर्वो


हॅनकॉक
१३ एप्रिल १९९३

चि. रेनो आणि चि. आर्वो यांस,
दोघांना सारखेच आशीर्वाद. कार्बन घालून एकदाच लिहिते आहे, म्हणजे कुणाला कमी कुणाला जास्त लिहिलं असं म्हणायला नको.

ईस्टरला दोघांपैकी एकही आला नाही. हॅम मी हिल्माला दिली. तुमची दोघांची पत्रं माझ्यासमोर आहेत. आर्वोने मलाही चार पानं लिहिली, रेनोपासून सावध राहा म्हणून. मला तुमचा दोघांचाही उबग आला आहे. एक म्हणतो आई बिचारी साधी, दुसरा म्हणतो आई बिचारी खुशाली लिहिते. मी पासष्ट वर्षं या गावात काढली, मी बिचारी कधीपासून झाले?

आर्वो, रेनोने मला काही विचारलं नव्हतं. रेनो, तू माझं नाव लपवलंस ते चांगल्या मनाने, पण त्याची गरज नव्हती. तळघरात दिवा होता. मीच लावला होता. क्लिऑन कसा उतरतो ते मी वरून पाहिलं, आणि पत्र लिहायला बसले तेव्हा काय लिहिते आहे आणि कुणाला लिहिते आहे, ते मला पक्कं माहीत होतं. आर्वोला सांगितलं असतं तर त्याने कान झाकून घेतले असते.

रेनो, तुझी नोकरी राहिली हे चांगलं झालं, पण मी त्यासाठी लिहिलं नाही. तुमच्या बाबांना खाणीचा डॉक्टर दरवर्षी असाच टेबलावर बसवायचा, गुडघा वाकवायचा, पास करायचा. मग ते पुन्हा खाली जायचे. पुढे काय झालं ते तुम्ही दोघांनी पाहिलंय, त्यांना खुर्चीतून उचलून पलंगावर तुम्हीच ठेवत होतात. बाबांची मजुरी तरी थोडी होती. या मुलाला तुम्ही पाच वर्षांसाठी भरमसाट पैसे मोजून घेणार होता. एवढं मोजून घेतलेल्या माणसाला कुणी बाकावर बसू देत नाही. दुखणं मारायची सुई टोचतात आणि धावायला लावतात, आणि जितके पैसे जास्त तितक्या सुया जास्त. त्याला त्याच्या आईसाठी ते पैसे हवे होते, म्हणून तो हूं की चूं न करता धावला असता. हे तुम्हा दोघांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. एक सॅक मोजत बसला, एक करार.

मी त्याच्या तोंडचा घास काढला असेल. त्याच्या आईला जो आराम मिळायचा तो माझ्यामुळे गेला असेल. रात्री ते मनात येतं आणि मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण तेच पत्र मला पुन्हा लिहायला सांगितलं तर मी पुन्हा लिहीन.

आर्वो, त्याला सांग की तू फितूर झाला नव्हतास, हे म्हातारीने केलं. ऑपरेशन होऊ दे, जखम भरू दे, मग त्याला इकडे घेऊन ये. मला तोंडावर चार शब्द सुनवायचा त्याला हक्क आहे आणि मी ते ऐकून घेईन. फक्त गाडीपासून दारापर्यंत त्याला हात देऊ नकोस. मला शिव्या द्यायला का होईना, तो स्वतःच्या पायांनी चालत आलेला मला बघायचा आहे.

तुमची,
आई