दोन बोटं ढगळ

लाडक्या आईस,

नॉर्वेत थंडी कडक आहे, पण मी ठणठणीत आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल स्कीवरून १२८ मीटर उडी मारली! दुसऱ्या फळीच्या स्पर्धांतली, या हंगामातली माझी सर्वांत लांब. पण खाली आल्यावर तपासनिसानं सूट मापला. तो कमरेला दोन बोटं ढगळ निघाला; ढगळ सुटात हवा भरून उडी लांबते, म्हणून मी बाद झालो.

संघातली पोरं म्हणाली, "यर्नेय, सूट शिवताना तुझ्या आईचं माप चुकलं." आमचे प्रशिक्षक बोरुत मात्र माझ्यावरच ओरडले, "अरे, उडायला सांगितलं होतं, वाळायला नाही!"

हलकं असलं की लांब जाता येतं, एवढंच डोक्यात होतं. तू दिलेली पोतिका, अक्रोडाचा तो गोड पाव, मी स्वतः न खाता सगळी पोरांत वाटून टाकली होती.

तुझं माप बरोबर होतं, आई. सूट कमरेत आत घ्यायला पाठवत नाहीये. पोतिका तेवढी पाठव, या वेळी मीच खाईन.

तुझाच,
यर्नेय