बटणांच्या कारखान्यात टेलॉस

३ मार्च, सोमवार
ऑफिसात सक्तीचं ट्रेनिंग. बाहेरून आलेल्या टायवाल्या वक्त्याने एक जबरदस्त ग्रीक शब्द दिला. टेलॉस. म्हणजे प्रत्येक गोष्ट ज्यासाठी असते ते. चाकूचं टेलॉस कापणं, बीचं टेलॉस झाड होणं. बाकीचे जांभया देत होते. मी एकट्याने प्रश्न विचारला : स्पेलिंग काय? वक्ता म्हणाला, चांगला प्रश्न. आमच्यात काहीतरी जुळलं.
संकल्प : वयाची बावन्न वर्षं अशीच गेली. या महिनाअखेर स्वतःचं टेलॉस शोधून काढायचंच.

४ मार्च
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तेल संपलंच आहे, येताना आणा. आतून सासूबाईंनी विचारलं, तेलात कोणाचा लॉस झाला?
थोर विचारांची सुरुवात घरात अशीच होत असणार.

६ मार्च, सकाळी ७.१०
घरातल्या वस्तूंना टेलॉसच्या चिठ्ठ्या लावल्या. पंखा : वारा. कपाट : लपवणे. सासूबाईंच्या खुर्चीला : बसणे.

६ मार्च, सायंकाळी ६
गैरसमज. चिठ्ठी आपल्यालाच उद्देशून आहे असं सासूबाईंनी धरलं. नऊ वाजल्यापासून उभ्या आहेत. जेवल्याही उभ्याने. बायकोने मला समजावून सांगायला लावलं. मी समजावलं की खुर्ची बसण्यासाठी असते, त्या नाही. त्यांनी विचारलं, मग मी कशासाठी आहे? मी म्हटलं, अजून तुमच्यापर्यंत आलो नाही.
बायको आता माझ्याशी बोलत नाही. मौनाचंही टेलॉस असतंच.

८ मार्च
सासूबाई बसल्या. शेजारणीकडे.

९ मार्च, रविवार
‘आज दिवसभर मस्त टेलॉसलो,’ असं मी सहज म्हटलं, तर कन्येने टोकलं. ती कॉलेजात तत्त्वज्ञानच शिकते. म्हणे ते क्रियापद नाही, नाम आहे. अनेकवचन टेले. शिवाय पंख्याला किंवा खुर्चीला चिठ्ठी लावून ते ठरत नाही, ती गोष्ट पूर्णत्वाला गेली की दिसतं. आणि म्हणाली, बाबा, त्या शब्दाचा एक अर्थ शेवट असाही आहे, जपून वापरा.
हल्लीच्या मुलांना अर्थ माहीत असतात, वापर जमत नाही.

११ मार्च
साहेबांना चार पानी टिपण दिलं : ‘टेबलनिहाय टेलॉस’. कारखान्यातल्या प्रत्येक टेबलाने आपण कशासाठी आहोत हे लेखी सांगावं. एक प्रत थेट मोठ्या साहेबांना.
शेजारच्या टेबलावरचा ढापण्या (जाड भिंगांचा चष्मा, एकोणीस वर्षांचा शेजार) पांढराफटक पडला. माझा हात धरून म्हणाला, अरे, झाकली मूठ आहे आपली, कशाला उघडतोस? बटणं मशीन तपासतं, मी मशीनच्या चिठ्ठीवर सही करतो, मी सही केली का ते तू बघतोस. एवढंच तर आहे.
भित्रा माणूस. उदात्त ध्येय समोर आलं की असेच लोक चष्मा पुसतात.

१४ मार्च
समिती नेमली! सचिव मी! साहेबांनी स्वतः हात मिळवला. तो जरा ओला होता. भावनेनेच असणार.

१८ मार्च
समितीने टेबलं पाहिली. पॅकिंगवाल्या बाईने ‘मी पॅक करते’ एवढंच सांगितलं. फारच वरवरचं उत्तर. ढापण्या चाचरत म्हणाला की गिऱ्हाइकांना चिठ्ठीवर माणसाची सही लागते, करारातच तसं आहे.
मग माझं टेबल. मी वीस मिनिटं बोललो. समितीने विचारलं, सही राहिल्याचं एकोणीस वर्षांत किती वेळा सापडलं? मी अभिमानाने सांगितलं, एकदाही नाही! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या.
इतका प्रभाव पडेल असं वाटलं नव्हतं.

२१ मार्च
ढापण्याने डब्यातली भाजी न मागता वाढली. दोनदा. त्याला माझं म्हणणं पटलेलं दिसतं.

२८ मार्च, शुक्रवार
अहवाल तयार. सचिव म्हणून मीच टाइप केला. कलम सात माझ्याबद्दल : ‘या टेबलाचं टेलॉस पूर्ण झालं आहे.’ पूर्ण! अख्ख्या कारखान्यात एकट्याचं! खाली सही माझी.
घरी मोठ्याने वाचून दाखवलं. कन्येने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं. बायकोने, बावीस दिवसांनी, थेट मला उद्देशून पहिलं वाक्य उच्चारलं : मग सोमवारी बसणार कुठे?
तिला मोठेपणा कळत नाही. पण प्रश्न रात्री जेवताना घशात अडकला. सासूबाईंनी पाठीवर थोपटलं. म्हणाल्या, बसा हो जावईबापू, होईल काहीतरी.

३१ मार्च, सोमवार, सकाळी १०.१५
टेबल नेलं. दोघांनी उचललं. हलकं निघालं. मला तळमजल्यावर, भट्टीशेजारच्या खोलीत पाठवलंय. स्टूल आहे. समोर वाया गेलेल्या बटणांचं पोतं. दोन भोकांची एका टोपलीत, चार भोकांची दुसरीत. फक्त माणूस करू शकेल असं काम. बहुधा म्हणूनच मला निवडलं.

दुपारी २.३०
काम जोरात. एक तीन भोकांचं मिळालं. खिशात ठेवलं.

सायंकाळी ५.०५
भट्टीवरची बाई आली. तिने दोन्ही टोपल्या एकाच घमेल्यात ओतल्या आणि भट्टीत लोटल्या. मी ओरडलोच. ती म्हणाली, सगळं वितळवायचंच असतं काका, भट्टी काय भोकं मोजते? मग वेगळी कशाला करायची, असं मी विचारलं. तिने खांद्यावरच्या फडक्याने घाम पुसला आणि अगदी हळू सांगितलं : ते मला माहीत नाही, तुम्हाला कुठेतरी बसवा, एवढंच वरून सांगितलंय.
मी बरं म्हणालो. स्टूल भिंतीला लावलं. खोलीचा दिवा बंद केला.
रंगही वेगळे करायचे का, हे तिला विचारायला हवं होतं.