दार बंद ठेवून घेतलेलं माप

लेस,
मी बोल्स खेळायला क्लबात चाललेय. सूप गॅसवर आहे.

गाडी उचलायला तू ठरवलेली दोन खांबांची लिफ्ट मी फोन करून रद्द केली. चिडायचं तर चिड. छताचं माप तू गॅरेजचं दार बंद ठेवून घेतलंस. दार उघडलं की ते वर सरकून छताखाली आडवं येतं, वर उचललेली तुझी लाडकी होल्डन त्यावरच आदळली असती. आता कमरेपर्यंतच उचलणारी बुटकी लिफ्ट सांगितलीय. स्टुलावर बसून काम कर.

ती येईपर्यंत जॅक लावून गाडीखाली शिरायचं नाही. रविवारी तीन हाका मारल्या, तू ओ दिली नाहीस. तुझा बूट हलेपर्यंत मी चहाचा कप धरून दारातच उभी होते. आत यायचा धीर होत नव्हता.

तुझी नेरिडा