यशोधरेचे खरे वय

मी, जनाबाई सुदाम रोकडे, वय अंदाजे साठ, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर (प.), पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकात न येता व कुणाचा चहाही न घेता हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नाहीतर थोरला मुलगा भीमराव म्हणेल, म्हातारी चळली होती.

१. राहते घर मी उल्हासनगर कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापून, स्वकष्टाने घेतले. ते व नवऱ्याच्या सोनिवलीच्या जागेतला माझा हिस्सा माझी नात यशोधरा हिला द्यावा. ती माझा मयत धाकटा मुलगा भगवान याची मुलगी; तिची आईही हयात नाही. जन्म १२ ऑक्टोबर १९७६. मी बाळंतिणीजवळ होते, त्यामुळे ही तारीख कुणी मला शिकवू नये.

हे लिहिण्याचे कारण असे. गेल्या फेब्रुवारीत भीमराव पेढे घेऊन आला. भावाच्या मयतीनंतर प्रथमच.

"आई, यशो सज्ञान झाली. एक सही पाहिजे फक्त."

मुलगी सतराची. त्याने कुठूनसा अठराचा दाखला आणला होता. कागद सोनिवलीतला तिच्या बापाचा हिस्सा सोडण्याचा होता, कारण तिथे आता इमारती येत आहेत. तिने कागद दोनदा वाचला.

"काका, वय वाढवलंत, मग हिस्सा का कमी केलात?"

तो पेढ्यांचा पुडा उचलून गेला.

माझ्या वेळी वेगळे झाले. माझा भाऊ कोंडाजी याने मला सोळाव्या वर्षी कचेरीत नेले. "साहेबांनी विचारलं तर एकोणीस सांग." मी सांगितले, अंगठा दिला, आणि आईने माझ्या नावे ठेवलेली जागा गेली. सही पुढे प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले. कोंडाजीने माफी मागितली नाही, मीही त्याला माफ केले नाही.

२. भीमरावास वडिलांची सायकल द्यावी. दुसरे काही नाही.

३. माझी कात्री कारखान्यातल्या इंदुबाईस द्यावी. तिने ती कधी न विचारता उचलली नाही.

४. माझ्या छातीत पाणी झाले आहे. ऑक्टोबरपर्यंत मी न राहिल्यास शेजारच्या कुमुदिनीबाई पालक राहतील. भीमरावास पालक नेमू नये, त्याने रडून दाखवले तरी.

५. घर कितव्या वर्षी द्यायचे? वकिलांना म्हटले, पंचवीस लिहा. अठराला अक्कल येत नाही, कुणीही गोड बोलून फसवेल. यशोधरा शेजारीच बसली होती.

"आजी, काका मला लवकर मोठी करतात, तू उशिरा. तुमच्या दोघांच्या मध्ये मी कधी मोठी होऊ?"

वकील पेन धरून बसले होते. आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला. तो या पोरीवरही घेत होते, हे तेव्हा कळले. वकिलांना अठरा लिहायला सांगितले.

येत्या १२ ऑक्टोबरला चावी तिच्या हाती द्यावी. पुढे तिने घर ठेवले, विकले, चुकले, तरी माझ्या नावाने तिला कुणी अडवू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही करते.

जनाबाई सुदाम रोकडे

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. दौलतराव शिंगोळे
२. श्यामकांत रणदिवे

बदलापूर, १७ जुलै १९९४