थरथरतं वेटोळं

चेन्नई

प्रिय आईस,

तुझ्या प्रज्ञाचा जयभीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. नानांचा गुडघा कसा आहे?

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू "बठ्ठं बरं शे" म्हणून विषयच संपवतेस. सगळं बरं असतं का कधी?

पुस्तकांतल्या आकृत्या मी हाताने नाही, कम्प्युटरला ओळी लिहून देऊन काढते, हे तुला माहीत आहे. काल डॉक्टरकीच्या एका पुस्तकासाठी दोन वेटोळी काढायची होती, एक निरोगी हाताचं, दुसरं कंपवाताच्या रोग्याचं; त्यावरून म्हणे रोग ओळखतात. पहिलं दोन ओळींत झालं. कम्प्युटरचा हात कापत नाही, म्हणून दुसऱ्यात थरथर मुद्दाम घालावी लागली. आकृती पडद्यावर उमटली आणि मी हबकलेच. आई, ती तुझी रांगोळी होती! बुद्धपौर्णिमेला जीवनने फोटो पाठवला होता ना, त्यातल्या कडेच्या वेटोळ्यांसारखी हुबेहूब. नव्या फरशीवर रांगोळी धरत नाही, असं तू म्हणालीस आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

फरशीच असेल कदाचित. तरी धुळ्याला जाऊन दाखवायचंच. यावर औषधं असतात, त्याच पुस्तकात लिहिलंय. तिथे तुझी नाटकं चालणार नाहीत.

सोबत एक कोरा कागद आणि माझा पत्ता घातलेलं पाकीट आहे. कागदावर पेनाने एक वेटोळं काढ. जीवनला काढायला लावू नकोस, त्याचा हात मी ओळखते. आणि बिघडलं तर दुसरा कागद घेऊ नकोस. पहिलंच पाठव.

तुझीच,
प्रज्ञा